नागपूरच्या घरी शोभेची झाडं लावायची तर आधी मे महिना आठवा

आपल्याकडे झाडं विकत घ्यायचा मोह होते तो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. हवा मस्त थंड असते, नर्सरीत पिटुनिया, डहेलिया, शेवंती नुसती फुललेली असते आणि आपण ऑटोत दहा-बारा कुंड्या भरून घरी घेऊन येतो. फेब्रुवारीपर्यंत सगळं छान दिसते, मार्चमध्ये एकेक झाड मान टाकायला लागते आणि नवतपा (मेच्या शेवटचे नऊ सगळ्यात तापलेले दिवस) येईस्तोवर गच्चीवर फक्त कुंड्या उरतात. मनीषनगरला राहायला आल्यावर पहिल्या वर्षी मी चौदा झाडं आणली होती, त्यातली जूनमध्ये पाच जिवंत होती. एक बोगनवेल, दोन सदाफुल्या, एक चाफा आणि जिन्याच्या कोपऱ्यात ठेवलेला स्नेक प्लांट. खूप वाईट वाटलं होतं तेव्हा, पण नंतर लक्षात आलं की इथं काय लावायचं ते ही पाच झाडंच मला सांगून राहिली आहेत.

म्हणून पहिली गोष्ट ही की झाड निवडताना ते आज कसं दिसते ते पाहू नका, ते ४५-४६ डिग्रीत आपल्या घरी नेमकं कुठं उभं राहणार ते आधी ठरवा. जागा आधी, झाड नंतर.

आता जागा म्हणजे काय तर दिशा. पूर्वेची बाल्कनी किंवा अंगण असेल तर तुम्ही नशीबवान, सकाळचं कोवळं ऊन मिळते आणि अकरा-बारानंतर सावली, तिथं जवळपास काहीही जमते. पश्चिमेची बाल्कनी सगळ्यात अवघड, दुपारी दोनपासून सहापर्यंत ऊन सरळ आत येते आणि भिंत इतकी तापते की रात्री नऊ-दहालाही हात लावला तर गरम लागते, तिथं नाजूक पानांचं काही ठेवू नका, बोगनवेल, अडेनियम, कण्हेर, काटेरी युफोर्बिया हीच मंडळी तिथं टिकतात. दक्षिणेच्या बाल्कनीला लोक उगाच घाबरतात. नागपूर २१ अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी दुपारचा सूर्य जवळपास बरोबर डोक्यावर असते आणि वर स्लॅब असेल तर दक्षिणेच्या बाल्कनीत भर दुपारी सावलीच असते, उलट डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कलते म्हणून ऊन पार आत दारापर्यंत येते. म्हणजे हिवाळ्यात ऊन अन् उन्हाळ्यात सावली, झाडाला अजून काय पाहिजे! मोगरा, जास्वंद, गुलाब सगळं तिथं चांगलं होते. उत्तरेला पानांची झाडं लावा, अरेका पाम, मनी प्लांट, सिंगोनियम, ड्रॅसिना, फुलांचा हट्ट तिथं करू नका.

आणि उघडी गच्ची असेल तर ती वेगळीच गोष्ट आहे, खाली स्लॅब तापते, वरून ऊन, बाजूनं लू. तिथं कुंड्या सरळ फरशीवर ठेवायच्या नाहीत, खाली दोन-दोन विटा ठेवा म्हणजे मधून हवा जाते आणि पाणीही नीट निघते. काळ्या प्लास्टिकच्या छोट्या कुंड्या गच्चीवर नकोच, आतली मुळं अक्षरशः शिजतात. मातीची कुंडी घाम आल्यासारखी पाणी सोडते म्हणून थंड राहते, पण पाणी जास्त मागते, हे लक्षात ठेवा. माझं मत विचाराल तर मोठी कुंडी घ्या, बारा-चौदा इंचाच्या चार कुंड्या सहा इंचाच्या वीस कुंड्यांपेक्षा कितीतरी चांगल्या, कारण मे महिन्यात छोट्या कुंडीतली माती सकाळी पाणी टाकलं तरी दुपारपर्यंत कोरडी ठणठणीत होते.

आता मातीचं बोलू, कारण आपल्याकडे अर्धी झाडं उन्हानं नाही तर मातीनं मरतात असं मला वाटते. आपली काळी माती शेतात कापसाला सोन्यासारखी आहे पण कुंडीत एकटी टाकली तर त्रास देते. ओली असली की फुगते, चिकट होते, पाणी धरून ठेवते आणि मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आकसते, भेगा पडतात, कुंडीच्या काठापासून सुटते, मग तुम्ही वरून पाणी टाकता ते त्या फटीतून सरळ खाली निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहते. आपल्याला वाटते की पाणी तर रोज टाकून राहिलो, मग झाड काहून वाळते? असं झालेलं असेल तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवून ठेवा, बुडबुडे येणं थांबलं की काढा.

मी मिश्रण असं करते, काळी माती एक घमेलं, जाडी रेती एक घमेलं (आपल्याकडे बांधकामाला येते ती कन्हान नदीची रेती चालते, चाळून घ्या), पूर्ण कुजलेलं शेणखत एक घमेलं आणि वरून दोन मुठी निंबोळी ढेप (म्हणजे पेंड). गच्चीवर वजनाची काळजी असेल तर रेती थोडी कमी करून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाका. शेणखत हातात घेतल्यावर चहापत्तीसारखं भुरभुरीत लागलं पाहिजे आणि वास नाही आला पाहिजे, कच्चं शेण कुंडीत गरम होते, त्यात हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या मुळं खाऊन टाकतात. चाफा, अडेनियम आणि कॅक्टसवाल्या मंडळींना रेती दुप्पट करा, बस.

अजून एक गोष्ट, आपल्या काळ्या मातीत चुन्याचं प्रमाण असते, म्हणजे ती अल्कलाईन, आंबटच्या उलट. एक्झोरा आणि अनंत यांना आंबट माती लागते, त्यामुळे नागपुरात या दोघांची नवीन पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ते पाण्याची कमी नाही, लोह मिळत नाही म्हणून होते. अशा झाडांना काळी माती अगदी थोडी, कोकोपीट आणि पानांचं खत जास्त, आणि कृषी केंद्रात चिलेटेड आयर्न (झाडाला सहज घेता येईल असं लोह) मिळते त्याची पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच प्रमाणात फवारणी. इतकं करायची तयारी असेल तरच घ्या नाहीतर त्याच्या जागी तगर लावा, पांढरी फुलं वर्षभर देते आणि कसली तक्रार नाही.

नर्सरीत गेल्यावर काय पाहायचं ते सांगते. पूर्ण फुललेलं झाड घेऊ नका, कळ्या असलेलं आणि बुंध्याशी जाड असलेलं घ्या. पानं उलटी करून पाहा, मागे पांढरा कापूस चिकटल्यासारखं दिसलं तर ते मिलीबग आहे, तसं झाड फुकट दिलं तरी नको, ते घरातल्या बाकी सगळ्या झाडांवर जाते. बुंधा हलकेच हलवून पाहा, डगडग हलते म्हणजे कालपरवाच पिशवीत खोचलेलं आहे. आपल्याकडे बरीच झाडं आंध्रातल्या कडियमहून किंवा पुण्याकडून ट्रकनं येतात, कडियमच्या झाडांच्या मुळांशी लाल चिकट मातीचा गोळा असते, तो वाळला की दगडासारखा होते आणि त्यात पाणी मुरत नाही. तो गोळा फोडायचा नाही, पाण्यात भिजवून बाहेरची माती थोडी-थोडी बोटांनी सैल करायची. बोगनवेलीच्या बाबतीत तर तेवढंही नको, तिची मुळं फार नाजूक असतात, पिशवी कापायची आणि गोळा जसाचा तसा कुंडीत बसवायचा. आणि झाड घरी आणल्याबरोबर त्याच संध्याकाळी कुंडी बदलायची घाई करू नका, आठ-दहा दिवस सावलीत आपल्या हवेची सवय होऊ द्या.

आता कोणती झाडं, ते माझ्या पसंतीनं सांगते.

बोगनवेल माझी सगळ्यात लाडकी आहे. जिला लोक फूल म्हणतात ती खरं म्हणजे रंगीत पानं, फूल आत बारीकसं पांढरं असते. तिला दिवसाचं पाच-सहा तास कडक ऊन पाहिजे आणि पाण्याचा थोडा ताण पाहिजे. लाडानं रोज पाणी टाकलं तर नुसती हिरवी वाढत जाते, फुलत नाही. माझ्या शेजारच्या काकूंची बोगनवेल तीन वर्षं फुललीच नव्हती, त्यांना म्हटलं काकू जानेवारीत पाणी कमी करा, वरची माती पूर्ण वाळून पानं थोडी लोंबायला लागली की मगच टाका, मार्चमध्ये भिंत पूर्ण गुलाबी झाली होती. एक बहर संपला की फांद्या छाटा, काटे लागतात म्हणून हातात जाड मोजे घाला.

चाफा तसाच, खूप सोशिक. हिवाळ्यात पानं गळतात तेव्हा लोकांना वाटते मेला, आणि घाबरून पाणी वाढवतात, त्यानंच तो सडते. पानं नसतील तेव्हा पाणी पंधरा दिवसांतून एकदा, तेही थोडं. फांदी लावायची असेल तर तोडल्यावर चीक वाळू द्या, सावलीत आठवडाभर पडू द्या, मग रेतीत खोचा. पावसाळ्यात पानांच्या मागे नारंगी पावडर दिसते, तो तांबेरा आहे, ती पानं तोडून बाहेर टाकून द्या, खतात टाकू नका.

जास्वंद घ्यायची तर साधी लाल देशी घ्या, निदान पहिली तरी. मोठ्या-मोठ्या रंगीत फुलांच्या हायब्रिड जास्वंदी फोटोत फार सुंदर दिसतात पण एप्रिल लागला की कळ्या गाळतात आणि मिलीबग त्यांनाच आधी धरते. मिलीबगवर माझा उपाय, आधी पाइपच्या जोरदार धारेनं धुऊन काढायचं, मग एक लिटर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि थोडं भांडी घासायचं लिक्विड घालून संध्याकाळी फवारायचं, आठवड्यानं परत, असं तीनदा. उन्हात फवारलं तर पानं जळतात. आणि झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर तिचा पण बंदोबस्त करा, मुंग्याच त्या किडीला सांभाळतात आणि इकडून तिकडे नेतात.

मोगऱ्याशिवाय नागपूरचा उन्हाळा मला तरी कल्पवत नाही. संध्याकाळी कूलरसमोर ओंजळभर मोगरा ठेवला की सगळं घर घमघमते. त्याचं एकच गणित आहे, डिसेंबरच्या शेवटी पाणी कमी करायचं, जानेवारीच्या शेवटी फांद्या एक तृतीयांश छाटायच्या, उरलेली पानं ओरबाडून काढायची, शेणखत आणि ढेप द्यायची आणि मग पाणी वाढवायचं. नव्या फुटीलाच कळी येते, मार्चपासून सुरू होते. छाटणी नाही केली तर पसरत जाते आणि फुलं चार-दोन.

गुलाबाची छाटणी पाऊस पूर्ण गेल्यावर म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यात, तिथून साधारण दीड-दोन महिन्यांत बहर येते. कलमाच्या गाठीच्या खालून जी फांदी निघते ती लगेच काढून टाका, ती रानगुलाबाची असते, खत-पाणी सगळं ओढून घेते आणि काही दिवसांनी तुमचा गुलाब मरून नुसता रानगुलाब राहते. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा पाहिलं आहे.

शेवंतीचं एक कोणी सांगत नाही. तिला फुलायला लांब अंधारी रात्र लागते. तुमच्या बाल्कनीसमोर रस्त्याचा लाइट रात्रभर चालू असेल आणि शेवंती त्याच्या उजेडात असेल तर ती कळ्या धरत नाही किंवा खूप उशिरा धरते. कुंडी दोन हात सरकवून अंधारात ठेवा, काम होऊन जाते. ऑगस्टपर्यंत शेंडे खुडत राहा म्हणजे झुडूप भरगच्च होते.

सदाफुली, पोर्टुलाका, मधुमालती यांच्याबद्दल फार सांगायची गरज नाही, लावा आणि ऊन द्या. सदाफुलीच्या कुंडीत पावसाळ्यात पाणी साचू देऊ नका एवढंच, दोन दिवसांत काळी पडून बसते. हिवाळ्याचे पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस, पॅन्झी मीही लावते, पण ते पाहुणे आहेत हे मनाशी ठरवून लावते, सप्टेंबरच्या शेवटी बी टाकायचं किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोप आणायचं, मार्चमध्ये ते संपणारच, त्यात आपली चूक काही नाही. आपल्याकडे थंडीही कमी नसते, २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर गेला होता, अशा रात्री क्रोटन, अडेनियम आणि मनी प्लांट भिंतीच्या आडोशाला घ्या.

घरातल्या झाडांसाठी स्नेक प्लांट आणि झेडझेड हे दोन डोळे मिटून घ्या, पंधरा दिवसांतून एकदा पाणी पुरते. पीस लिली आणि फर्नला दमट हवा लागते आणि त्यांना नागपूरच्या उन्हाळ्यात सगळ्यात चांगली जागा म्हणजे कूलरची खोली, फक्त सरळ झोतात ठेवू नका, बाजूला ठेवा. एसीच्या खोलीत हवा कोरडी असते, तिथं त्यांची पानांची टोकं तपकिरी होतात. घरात छोटं लेकरू किंवा कुत्रा-मांजर असेल तर डिफेनबेकिया खाली हाताशी ठेवू नका, पान चावलं तर तोंड-जीभ सुजते. आणि कण्हेर तर पूर्ण झाडच विषारी आहे, फूल, पान, बी सगळं, कंपाउंडच्या बाहेरच्या बाजूला ठीक, पोरं खेळतात तिथं नको.

पाण्याबद्दल आपल्या शहरात वेगळं सांगायलाच पाहिजे. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना टाकू नका, पाणी उडून जाते आणि त्यातले क्षार मागे राहून दाट होत जातात, रोज तेच टाकलं तर पानांच्या कडा जळतात आणि मातीवर पांढरा थर येते. आरओचं बाहेर पडणारं पाणी पण तसंच, त्यातही क्षार जास्त, फरशी पुसायला वापरा. उलट एसीच्या पाइपातून थेंब-थेंब येते ते पाणी गोळा करा, त्यात क्षार जवळपास नसतातच, घरातल्या झाडांना फार मानवते. बोअरिंगचं पाणी जड असेल तर महिन्यातून एकदा कुंडीतून खूप पाणी वाहू द्या, साठलेले क्षार धुऊन जातात, पावसाळ्यात हे आपोआप होते.

मे महिन्यात पाणी सकाळी सातच्या आत, आणि गच्चीवरच्या कुंड्यांना सूर्य मावळल्यावर परत एकदा. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी उकळल्यासारखं असते, ते आधी बाजूला बादलीत सोडून द्या, मग झाडाला लावा. दुपारी तीनला जास्वंदाची पानं लोंबलेली दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नका, बोट दोन इंच मातीत घालून पाहा, आत ओल असेल तर ते फक्त उन्हानं झुकलेलं आहे, संध्याकाळी आपोआप उभं राहते. मातीवर वाळलेली पानं किंवा नारळाच्या शेंड्या पसरा, दोन इंच जाड थर पाहिजे. खत अजिबात नको या महिन्यात, छाटणी नको, कुंडी बदलणं तर मुळीच नको.

हिरवी नेट ५० टक्केवाली, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी घ्या, मार्चच्या शेवटी लावा. झाडांच्या अगदी डोक्याला टेकवून बांधू नका, दोन-तीन फूट वर पाहिजे, नाहीतर गरम हवा खालीच कोंडते. गाठी अशा मारा की पटकन सुटल्या पाहिजेत, कारण एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी अचानक वावधान (वादळी वारा) सुटते आणि नेट बांबूसकट कुंड्यांवर येऊन पडते, माझ्या तीन कुंड्या तशाच फुटल्या. सुट्ट्यांमध्ये गावाला जाणार असाल तर सगळ्या कुंड्या पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीला एकमेकींना चिकटवून ठेवा, भोवती ओल्या चुंगड्या (गोणपाटाची पोती) गुंडाळा आणि शेजारच्यांना किल्ली देऊन जा. चार-पाच दिवसांच्या वर बाटली उलटी लावायच्या युक्त्या आपल्या उन्हाळ्यात पुरत नाहीत.

जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की नेट काढून टाका, नाहीतर झाडं उजेडासाठी लांबट वाढतात आणि फुलत नाहीत. अडेनियम आणि कॅक्टस शेडखाली घ्या. कुंड्यांखालच्या बशा काढून ठेवा, आणि ज्या काढता येत नाहीत त्या दर आठवड्याला रिकाम्या करून घासा, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालते आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवीन डास उडून जाते. प्रत्येक कुंडीच्या भोकात एक काडी घालून पाहा, काळ्या मातीनं ते बुजलेलं असते बरेचदा.

आणि नवीन झाडं आणायची ती याच दिवसांत आणा, जूनच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत. नर्सरीत तेव्हा फुलं कमी असतात, चिखल असते, सगळं हिरवंच हिरवं दिसते म्हणून लोक जात नाहीत, पण जुलैत लावलेल्या मोगऱ्याला मुळं पसरवायला पुढच्या मेपर्यंत दहा महिने मिळतात आणि नोव्हेंबरमध्ये आणलेल्याला सहा. माझ्या गच्चीवर आता एकवीस मोठ्या कुंड्या आहेत, त्यातल्या सतरा पावसाळ्यात लावलेल्या आहेत.